वस्तरा धरायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी दाढी झाल्यावर डाव्या जबड्याखालून उलटी बोटे फिरवली आणि एकही खुंट हाताला लागला नाही. सात महिने ज्या जागेने मला छळले, ती जागा अखेर गुळगुळीत झाली, तेव्हा सर्वांत आधी आपली आठवण झाली. दुकानातल्या गर्दीत हे नीट बोलता येत नाही, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे. वस्तऱ्याने दाढी शिकणाऱ्या आणखी कोणाला त्याचा उपयोग झाला, तर त्याचे श्रेयही आपलेच आहे.

आजोबांचा, जर्मनीतल्या झोलिंगेन शहरात बनलेला वस्तरा घेऊन मी प्रथम आपल्याकडे आलो, तेव्हा घरच्या खरबरीत दगडावर घासून त्याची धार मीच बिघडवली होती. आपण रागावला नाहीत. दगडावर पाणी शिंपडून, पात्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला सपाट टेकवून, हातावर जराही भार न देता आपण ती धार पुन्हा बसवलीत आणि मला शेजारी उभे करून प्रत्येक फेरी दाखवलीत. चामड्याचा पट्टा नवी धार काढत नाही, तो असलेली धार सरळ करतो, हे मला त्या दिवशी कळले. पट्टा ताणून धरायचा, कारण तो सैल पडला की धार गोल होते. पाठ पुढे आणि धार मागे ठेवून पाते ओढायचे. आणि टोकाला पोहोचल्यावर पाते पाठीवरूनच उलटायचे. दाढीपूर्वीच्या या चाळीस-पन्नास फेऱ्या मी आता चुकवत नाही.

माझी समजूत अशी होती की, दाढी अधिक घोटून व्हायची असेल तर वस्तरा अधिक दाबला पाहिजे. गळ्यावर रोज उठणारे लाल पुरळ हे त्या समजुतीचे फळ होते. आपण प्रथम माझा फेस थांबवलात. केस साबणाने नव्हे, पाण्याने मऊ होतो आणि ते पाणी धरून ठेवणे एवढेच फेसाचे काम आहे, असे सांगून आपण मला दोन-तीन मिनिटे गरम पाण्याचा टॉवेल चेहऱ्यावर धरायला लावलात. मग पाते गालावर आडवे टेकवून, पाठीच्या दोन जाडींएवढीच फट राहील इतके ते उचलायला शिकवलेत. हा कोन साधारण 30 अंशांचा होतो. त्याहून पाते उभे धरले तर ते कातडी कापते आणि फार निजवले तर केस ओढते, हे दोन्ही मी आपल्यासमोरच अनुभवले.

पण ज्यासाठी मी आपला सर्वाधिक ऋणी आहे, ती गोष्ट वस्तरा हातात नसताना घडली. एके दिवशी कोरड्या, दोन दिवसांच्या वाढलेल्या दाढीवर आपण मला डोळे मिटून बोटे फिरवायला सांगितलीत. ज्या दिशेने बोट सहज घसरते ती केसांची दिशा, आणि जिथे ते अडते ती उलट दिशा. उजव्या बाजूला गळ्यावरचे केस खाली वाढतात. डाव्या बाजूला मात्र ते कानाकडे, तिरके वर जातात. मी दोन्हीकडे वरून खाली पाते ओढत होतो, म्हणजे डावीकडे पहिल्याच हाताला दाढी उलटी करत होतो. इतकी वर्षे स्वतःच्या चेहऱ्यावर वागवलेल्या केसांची दिशा मला ठाऊक नव्हती. आता पहिला हात सुलट, दुसरा आडवा, अशी मी दाढी करतो. तिसरा उलटा हात आपण महिनाभर करू दिला नाहीत, कारण केस फार खोल कापला गेला की तो कातडीच्या आतच वळतो आणि पुळी येते. त्या वेळी मला ते जाचक वाटले होते. आज वाटते, ती बंदी नसती तर मी वस्तरा केव्हाच सोडून दिला असता.

तुरटीचे दोन्ही उपयोग आपलेच. ओल्या बोटांना तुरटी लावली की निसरडी कातडी घट्ट ताणता येते, आणि दाढीनंतर ती जिथे झोंबते तिथे हात जड पडला, असे समजावे. रविवारी ती फक्त हनुवटीखाली झोंबली.

आपण गिऱ्हाइकांसाठी दरवेळी नवे पाते लावता, कारण रक्तातून कावीळ ब किंवा एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. त्याच कारणाने, आजोबांचा वस्तरा माझ्या भावालाही वापरू देऊ नये, असे आपण बजावले होते. तो फक्त मीच वापरतो. आपल्या सूचनेप्रमाणे, पावसाळ्यात पुसून, तेलाचा हात फिरवूनच तो डब्यात ठेवतो आणि या कोकणच्या हवेतही अजून त्याच्यावर गंजाचा ठिपका नाही.

हनुवटीखालच्या खळग्यात पाते अजून अडखळते. गणपतीच्या आधी एका सकाळी, दुकान उघडण्यापूर्वी, वस्तरा घेऊन येईन. तेवढी जागा आपल्या हाताने एकदा दाखवावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
आजोबांचा वस्तरा घेऊन येणारा