गॅसच्या दिव्याखालचं बाळंतपण

लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया
२२ फेब्रुवारी

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर सांगायला गेले की आई पहिल्याच वाक्याला "अगं पण" म्हणते आणि मी विषय बदलून बाबांच्या गुडघ्यावर येते. असं तीनदा झालं, म्हणून कागद घेतला.

तर आई, सप्टेंबरपासून हॉस्पिटलची ड्यूटी नसते त्या दिवशी मी घरच्या बाळंतपणांना जाते. इथे एक साठीच्या नर्स-मिडवाइफ आहेत, बाळंतपणं करणाऱ्या, त्यांच्या हाताखाली. मी त्यांना बाई म्हणते. "घरच्या" हा शब्द वाचून तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला इथून दिसतंय. जव्हारच्या उपकेंद्रातली तुझी एकतीस वर्षं बायकांना घरातून उठवून दवाखान्यात आणण्यात गेली. तुझ्या रजिस्टरात घरी झालेलं बाळंतपण लाल पेनानं लिहिलेलं असायचं. लहानपणी मला वाटायचं लाल म्हणजे मुलगी. महिनाअखेरीला त्या लाल ओळी मोजताना तू कुणाशी बोलायची नाहीस, ते आठवतंय. पाच महिने गप्प बसले ती त्यामुळेच.

ही घरं आमिश लोकांची, म्हणजे जुन्या रीतीनं राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची. बाबा, त्या करड्या घोडागाडीचा फोटो पाठवला होता ना, ते. धर्मापायी छळ झाला म्हणून युरोपातून अठराव्या शतकात इकडे आले. आज अमेरिका-कॅनडा मिळून चार लाखांच्या आसपास असतील, आमच्या लँकेस्टर भागातच चाळीस हजारांहून जास्त. घरात विजेची तार येऊ देत नाहीत, स्वतःची मोटार ठेवत नाहीत, नांगराला खेचरं जुंपतात. टेलिफोन असतो, पण आवाराच्या टोकाला एका खोपटात. बाईला कळा सुरू झाल्या की नवरा कंदील घेऊन तिकडे धावतो. बायकांच्या झग्यांना बटणं नसतात, टाचण्या लावतात. म्हणून तपासण्याआधी माझं पहिलं काम म्हणजे टाचण्या काढून बशीत मोजून ठेवणं. एक जरी अंथरुणात राहिली तर बाळाला टोचेल.

आपसात ते जर्मनची एक बोली बोलतात, आणि बाहेरचा जो कोणी असेल तो सगळा "इंग्लिश". पहिल्याच घरी एका आजीनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि सुनेला विचारलं, ही इंग्लिश कुठली? बाबा, चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत तुम्ही घसा फोडलात, त्याचं चीज झालं. तुमच्या मुलीला इंग्लिश म्हणाले!

घरीच का, हे आई विचारणारच. एक तर पैसा. ही मंडळी बाजारातला आरोग्य विमा घेत नाहीत. १९६५च्या कायद्यानं त्यांना सरकारी सामाजिक सुरक्षेतूनही (म्हातारपणचं पेन्शन वगैरे) सूट दिलीय, म्हणजे तो कर भरत नाहीत आणि तिचा लाभही घेत नाहीत. हॉस्पिटलचं बिल आलं की ते घर आणि चर्चची मंडळी मिळून फेडतात. दुसरं म्हणजे जाणार कशात? भाड्याच्या मोटारवाल्याला बोलवायचं. आणि बाकीची पाच-सहा पोरं कुणाकडे टाकायची? तिसरं कारण मला हळूहळू कळलं. घरी त्या बाईला कुणी हुकूम करत नाही. आपल्या वॉर्डात बाईवर कसं खेकसतात ते तुला मी सांगायला नको. तू नव्हतीस तशी, पण तुझ्या बरोबरच्या होत्या.

लग्नं इथे बहुतेक नोव्हेंबरात, पीक निघाल्यावर लागतात, तीही मंगळवारी किंवा गुरुवारी. मुहूर्ताची भानगड नाही. पहिलटकरणींची गर्दी कधी होते तो हिशोब तूच कर.

आता तुझे प्रश्न. बाईंचे नियम कडक आहेत. जुळं नाही, पायाळू नाही, आधीचं सिझर नाही, बीपी चढलेलं नाही, ३७ आठवड्यांच्या आतलं नाही. यातलं काही निघालं तर त्या सरळ हॉस्पिटलात पाठवतात आणि नवऱ्यानं कितीही गळ घातली तरी ऐकत नाहीत. दोघी असल्याशिवाय बाळंतपण करायचं नाही: एक आईकडे, एक बाळाकडे. बाळाकडची मी. गाडीत डॉपलर (पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र), ऑक्सिजनचं नळकांडं, बाळाला श्वास द्यायची अंबू बॅग, टाक्यांचं सामान आणि रक्तस्राव थांबवायचं ऑक्सिटोसिन. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं म्हणून बर्फाच्या पिशवीत, तुझ्या लसीच्या डब्यासारखंच. तो निळा डबा खांद्याला लावून तू पाड्यावर निघायचीस आणि मी मागून पाण्याची बाटली घेऊन. परवा ही पिशवी उचलताना पट्टा त्याच जागी रुतला.

हो, परवाचीच गोष्ट सांगायची होती. तिच्यासाठीच एवढं लिहिलं.

रात्री एकला फोन आला. बाहेर शून्याखाली नऊ. बर्फावरून गाडी हळूहळू नेत पोचले तर नवरा गोठ्यापाशी बॅटरी घेऊन उभा. दाढी आहे पण मिशी नाही, तशीच असते सगळ्यांची. आत कोळशाची शेगडी आणि चाकांच्या लाकडी कपाटावर गॅसचा दिवा. कपाटाच्या पोटात सिलिंडर, वर काचेचा दिवा, आणि हवा तिथे ढकलत न्यायचा. तो फूस्स असा एकसारखा आवाज करतो, आणि त्या खोलीत त्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. आई, या बायका ओरडत नाहीत. चौथ्या खेपेची होती. पलंगाच्या कठड्याला धरून उभी, डोळे मिटलेले, कळ आली की नुसता ओठ दाबायची. मोठी पोरं शेजारच्या आजीआजोबांच्या घरात झोपली होती, त्यांना काही पत्ता नव्हता. बाई खुर्चीत बसून होत्या, हात मांडीवर. दर पंधरा मिनिटांनी डॉपलर लावायचा, आकडा मी लिहायचा, पुन्हा गप्प. आधी मला हा रिकामपणा सोसायचा नाही. हॉस्पिटलात आपण सारखं काहीतरी करत असतो, सलाइन बघ, पट्टा आवळ. इथे बसून राहणं हेच काम आहे आणि ते सगळ्यात अवघड.

चार चाळीसला बाळ आलं. मानेभोवती नाळेचा एक सैल वेढा होता, बाईंनी तो बोटानं डोक्यावरून काढला. बाळ निळसर, आणि अगदी ढिलं. ओल्या फडक्यासारखं. मी पुसलं, पाठ चोळली, तळवे चोळले. काही नाही. बॅग हातात घेतली आणि तेव्हा लक्षात आलं की ऑक्सिजनच्या नळकांड्याची चावी मी गाडीतच ठेवून आलेय. तुझ्यापासून काय लपवायचं, माझ्या पोटात गोळा आला. बाई म्हणाल्या, "हवा पुरेल. तू श्वास दे." तेवढंच. खरंच पुरते, नियमही तोच आहे, दिवस भरलेल्या बाळाला आधी साधी हवाच द्यायची. मला ते पाठ आहे, शिकवताही येईल. पण त्या क्षणी ती चावीच डोळ्यांपुढे.

नाळ अजून कापली नव्हती. मी बाळाला आईच्या मांड्यांपाशीच सपाट ठेवून तोंडावर मास्क बसवला आणि बॅग दाबू लागले. बाईंनी दोन बोटांत नाळेचं मूळ धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट पांघरुणावर टकटक आपटायला लागल्या. नाळेत जेवढे ठोके लागतील तेवढे ठोके. त्या काही बोलत नव्हत्या, मी ते बोट बघत होते. आधी टक... टक... आणि मग मधलं अंतर कमी व्हायला लागलं. छाती वर येतेय का बघायचं, बोट बघायचं. मी मोठ्यानं मोजत होते म्हणे, आणि मराठीत. "श्वास, दोन, तीन. श्वास, दोन, तीन." हे मला नंतर बाळाच्या आजीनं सांगितलं, तिला वाटलं मी प्रार्थना म्हणतेय. पाऊण मिनिट झालं असेल. बोट टकटकटक पळायला लागलं, बाळानं तोंड वाकडं केलं आणि मग असं काही केकाटलं की गोठ्यातलं खेचर खिंकाळलं. मुलगा. झोळीच्या काट्यावर भरला ३ किलो ९००. तो काटासुद्धा आपल्या अंगणवाडीतल्यासारखाच, फक्त झोळी चौकटीच्या कापडाची.

मग नाळेचे ठोके थांबेपर्यंत बाईंनी कात्री उचलली नाही. आई, तुझ्या पाड्यावरची ती म्हातारी दाई आठवते का? वार पडल्याशिवाय नाळ कापू द्यायची नाही म्हणून दारात आडवी बसायची, आणि तू घरी येऊन बाबांपुढे तिच्या नावानं बोटं मोडायचीस. आता जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते, निदान एक मिनिट तरी थांबा, बाळाकडे रक्त जाऊ द्या. म्हातारी तेवढ्यापुरती बरोबर होती. विळ्यानं कापून वर राख लावायची, तिथे मात्र तूच बरोबर. पाच स्वच्छता तिच्याकडून बोटांवर घोकून घ्यायचीस: हात, जागा, ब्लेड, धागा, नाळेचं टोक. मी अजून बॅग उघडताना मनात तशीच म्हणते. २०१५ साली भारतातून बाळ-बाळंतिणीचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं, तेव्हा तू पेपरातलं कात्रण फ्रिजवर लावलं होतंस.

सगळंच असं गोड होत नाही, तेही लिहिते. नोव्हेंबरात सातव्या खेपेच्या एका बाईला वार पडल्यावर रक्त थांबेना. मांडीत ऑक्सिटोसिन दिलं, पोट चोळलं, भिजलेले पॅड तोलून बघितले तर अर्ध्या लिटरच्या वर. बाईंनी वाट बघितली नाही. तेवीस मिनिटांत ती हॉस्पिटलात होती आणि चौथ्या दिवशी घरी. मी गाडीत तिच्या पोटावर हात दाबून बसले होते आणि मला सारखी दिसत होती ती पावसाळ्यातली झोळी. दोन माणसं खांद्यावर बांबू घेऊन उपकेंद्राच्या पायरीशी उतरली आणि तू झोळीत वाकून बघितलंस आणि सरळ झालीस. मी सातवीत होते. तू मला आत जा म्हणालीस. नदीला पूर नसता तर, एवढंच तू नंतर एकदा बोलली होतीस.

इथे नदीवर पूल आहे आई. बर्फ पडलं की पहाटे चारला रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रक फिरतो. बाईंच्या हातापेक्षा माझा जास्त भरवसा त्या ट्रकवर आहे.

तुला आवडेल असं आणखी एक. थोड्याच कुटुंबांची ही वंशावळ, लग्नं आपसातच, त्यामुळे काही दुर्मीळ आनुवंशिक आजार यांच्यात जास्त. शेजारच्या मेनोनाइट लोकांमध्ये (आमिशांचाच भाऊबंद पंथ) तर एक असा आहे की बाळाच्या लघवीला मेपलच्या पाकासारखा गोड वास येतो, आणि ओळखायला उशीर झाला तर मेंदू जातो. होम्स मॉर्टन नावाच्या डॉक्टरांनी १९८९ साली अशा मुलांसाठी इथे एक दवाखाना काढला. त्याची इमारत गावकऱ्यांनी स्वतः लाकडं उचलून उभी केली, आणि त्याच्यासाठी दर वर्षी लिलाव करतात, त्यात बायका शिवलेल्या गोधड्या देतात. अशा आजारांच्या तपासणीसाठी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन कागदावर टिपायचं काम माझं. तुझी लाल-हिरवी गोधडी मी बाईंना दाखवली. त्यांनी उलटी करून मागचे टाके बघितले आणि म्हणाल्या, ही लिलावात ठेवू नकोस, भांडणं होतील.

त्या रात्री सगळं आवरेपर्यंत उजाडलं. इथे बाळंतपणाला माहेरी जात नाहीत, नात्यातली एखादी बिनलग्नाची मुलगी येऊन राहते, सगळं घर बघते. तिनं आम्हाला कॉफी आणि एक गोड "पाय" (pie, भट्टीत भाजलेला गोड पदार्थ) दिला. बाबा, चक्क काकवीचा! तुम्हाला साखरेमुळे चालणार नाही, म्हणून मी तुमच्याही वाटणीचा खाल्ला. निघताना नवऱ्यानं पत्र्याच्या डब्यातून नोटा मोजून दिल्या आणि वर बीटाच्या पाण्यात मुरवलेल्या गुलाबी अंड्यांची बरणी. ती आमच्या फ्रिजमध्ये आहे, जावईबापू हात लावत नाहीत.

जन्माच्या कागदावर ठिकाणाच्या रकान्यात "घर" लिहिताना पेन थबकलं. निळंच होतं.

बाळंतिणीला आपण काय खायला देतो ते बाई विचारत होत्या. मी अळिवाची खीर करून नेणार आहे. दूध नासणार नाही ना गूळ घातल्यावर? गूळ शेवटी घालायचा की आधी, ते कळव. आणि अळिवाची दोन पाकिटं मावशीबरोबर दे, ती एप्रिलात येतेय. बाबांनी गुडघ्याचा पट्टा रोज बांधावा, कपाटात ठेवून उपयोग नाही.

ऑक्सिजनची चावी मी आता दोरीनं नळकांड्यालाच बांधलीय.

आता फोन करून "अगं पण" म्हणायचं असेल ते म्हण. रविवारी मी घरीच आहे.

तुमची
लेक