मेलेला तुकडाही शिथिलच असतो

मा. संपादक,
सनविवि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला पोटातल्या मुरड्यावरच्या घरगुती वनस्पतींचा लेख वाचला. लेख सोपा आहे, ओवा आणि पुदिना त्यांच्या योग्य जागी आहेत. खटकलं ते एकच वाक्य: या वनस्पतींचे अर्क स्नायू शिथिल करतात हे 'प्रयोगाने सिद्ध' झालं आहे. हा प्रयोग मला चांगला माहीत आहे. औषधनिर्माणशास्त्राच्या एका कॉलेजात तो मांडून द्यायचं काम मी 26 वर्षं केलं. प्राध्यापक नव्हतो, प्रयोगशाळा सहायक होतो. प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी सातला चिकनवाल्याकडून कोंबडीचं ताजं आतडं घेऊन सायकलवरून येणारा माणूस.

त्या आतड्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, आतून हलक्या हाताने धुवायचा, दोन्ही टोकांना दोरा बांधून काचेच्या नळीत लोंबकळत ठेवायचा. नळीत क्षार आणि साखरेचं पाणी, तापमान 37 अंशांच्या आसपास, खालून हवेचे बुडबुडे. वरचा दोरा काडीला. तुकडा आकसला की काडी हलते आणि काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर पांढरी रेघ उमटते. ही रीत जर्मनीतल्या रुडॉल्फ माग्नुस यांनी 1904 साली बसवली. पूर्वी आमच्याकडे सशाचं आतडं असायचं. ते कुणी काही न टाकताही आपापल्या लयीत हलत राहायचं, मुलं बघत बसायची. आता बहुतेक ठिकाणी हे सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर होतं आणि कुणाच्या नखांत काजळी जात नाही.

आतडं, श्वासनलिका, मूत्रवाहिनी, गर्भाशय, रक्तवाहिन्या यांच्या भिंतीतला हा स्नायू आपल्या हुकमात नसतो. पेशीत कॅल्शियम शिरलं की तो आकसतो. पुदिन्यातलं मेंथॉल कॅल्शियमची ही वाट अडवतं. धोतऱ्यातलं ॲट्रोपिन नसेकडून येणारा निरोपच पोहोचू देत नाही. अफूच्या चिकातलं पॅपाव्हेरिन, जे 1848 मध्येच वेगळं काढलं गेलं, ते पेशीच्या आत शिरून तिसऱ्याच मार्गाने काम करतं. पोटात कळ आली की डॉक्टर देतात त्या ड्रोटाव्हेरिनच्या गोळीची रचना त्याच्यावरूनच घेतलेली आहे. म्हणजे झाडपाल्यात काही नाही, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

माझं म्हणणं त्या रेघेबद्दल आहे. ॲसिटिलकोलिन, म्हणजे नस ज्या रसायनाने स्नायूला आकसायचा निरोप देते ते, टाकलं की रेघ वर जाते. मग अर्क टाकायचा आणि पुन्हा ॲसिटिलकोलिन. रेघ आधीइतकी वर गेली नाही की मुलं वहीत लिहून मोकळी: 'अर्क स्नायू शिथिल करतो.' आमचे एक सर तिथेच थांबवायचे. म्हणायचे, धुवा. नळीतलं पाणी तीनदा बदला आणि परत ॲसिटिलकोलिन द्या. रेघ पुन्हा वर आली तर अर्काने स्नायू शिथिल केला. नाही आली, तर कदाचित तुम्ही तुकडा मारलात. मेलेला तुकडाही शिथिलच असतो.

दुसरी गंमत द्रावणाची. पुष्कळसे अर्क पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून अल्कोहोलमध्ये किंवा तशाच एखाद्या द्रवात विरघळवून टाकतात. आता अल्कोहोल स्वतःच स्नायू ढिला करतं. तेव्हा नुसतं अल्कोहोल टाकून वेगळी रेघ काढावी लागते. ती काढायला मुलांना नेहमीच वेळ कमी पडायचा, आणि खोटं कशाला बोलू, कधीकधी आम्हालाही.

आणि मात्रा. विद्यार्थ्यांच्या प्रयोगात नळीतल्या पाण्यात मिलिलिटरला एक मिलिग्रॅम अर्क सहज असायचा. माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. तेवढी मात्रा रक्तात यायची तर पाच ग्रॅम निव्वळ अर्क थेट रक्तात पोहोचायला हवा, आणि तोही यकृताने वाटेत हात न लावता. आता आपल्या हळदीचं बघा. सांगलीकराने हळदीविरुद्ध बोलणं म्हणजे पंढरपुरात राहून विठोबाला नावं ठेवणं; हरिपूरच्या पेवांची हळद ती, 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली. हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, नळीतल्या आतड्याची उबळ कमी करतं, हेही खरं. पण हळदीत कर्क्युमिन शेकड्याला तीनेक. चमचाभर हळदीत शंभरएक मिलिग्रॅम, आणि त्यातलं रक्तात फारच थोडं उतरतं. हळदीचं दूध प्यावं, मीही पितो. पण त्याने दमेकऱ्याची श्वासनलिका मोकळी होईल असं नळीतल्या आतड्यावरून म्हणता येत नाही.

ओवा-पुदिन्याची गोष्ट थोडी वेगळी, कारण त्यांना रक्ताची वाट धरायची गरज नाही. ते पोटात जातात आणि आतड्याच्या भिंतीला आतूनच भिडतात. पेपरमिंटच्या तेलाच्या कॅप्सूल वारंवार मुरडा येणाऱ्या आतड्याच्या विकारात डॉक्टरही देतात. त्या कॅप्सूलवर जठरात विरघळणार नाही असं आवरण असतं. तेल वरच सुटलं तर अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडपही ढिली पडते आणि छातीत जळजळ सुरू होते. ज्यांना आधीच ॲसिडिटी आहे, त्यांना जेवणानंतर पुदिन्याचा काढा घ्यायला सांगणाऱ्या तुमच्या लेखात ही झडप कुठेच नव्हती.

अडुळसा तर लेखात 'सर्व स्नायूंना आराम देणारा' म्हणून आला आहे. अडुळशातलं व्हॅसिसिन श्वासनलिका रुंद करतं, बरोबर. खोकल्याच्या औषधात असणारं ब्रोमहेक्झिन त्याच्यावरूनच बनलं. पण तेच व्हॅसिसिन गर्भाशयाचा स्नायू आकसवतं. एकच पान, एकाच जातीचा स्नायू, आणि दोन अवयवांत दोन उलट परिणाम. तुमचा पेपर सासवा वाचतात आणि काढा सुनेला देतात. गरोदर बाईने अडुळशाचा काढा घेऊ नये ही ओळ चौकटीत यायला हवी होती.

पुढच्या रविवारी मुतखड्यावर लेख आहे अशी जाहिरात पान तीनवर दिसली, म्हणून हे पत्र घाईने लिहितोय. त्यात पानफुटी असणारच. पानफुटीच्या रसाने गर्भाशयाच्या आणि मूत्राशयाच्या स्नायूच्या तुकड्यांचं आकुंचन कमी झालेलं युरोपातल्या प्रयोगशाळांत दिसलं आहे, तेव्हा कळ कमी होण्याला आधार नाही असं नाही. माझे मेहुणे तासगाव भागात द्राक्षं करतात. ऐन फळछाटणीत त्यांना डाव्या कुशीत कळ आली. एका वैदूने पानफुटीची पानं सांगितली, रोज सकाळी दोन. चौथ्या दिवशी कळ गेली. खडा विरघळला म्हणून घरात पेढे वाटले. मीही खाल्ला एक, आणि गप्प बसलो, याचं आजही वाईट वाटतं. नळीतल्या तुकड्याबद्दल इतकं सगळं माहीत असून मी एवढंही विचारलं नाही, की दाजी, खडा पडताना दिसला का? सात महिन्यांनी दुसऱ्याच कारणाने मिरजेला सोनोग्राफी केली, तेव्हा खडा होता तिथेच होता आणि त्याच्या वरची किडनी फुगलेली होती. अडकलेल्या खड्याची कळ थांबते, अडथळा मात्र तसाच राहतो. किडनी वाचली, पण पूर्वीसारखी काम करत नाही.

तेव्हा विनंती एवढीच. 'प्रयोगाने सिद्ध' लिहायचं असेल तर कशावर तेही लिहा: माणसावर, उंदरावर, की कोंबडीच्या आतड्याच्या तुकड्यावर. चार शब्द जास्त लागतील. आणि पानफुटीच्या खाली ठळक अक्षरांत एक ओळ टाका, की कळ थांबली तरी सोनोग्राफी करून घ्या.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
विश्रामबाग, सांगली