पान पिवळं पडलं म्हणून पाणी वाढवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात आमच्या विजापूर रोडच्या वसाहतीत घरोघरी एकच तक्रार असते : लिंबोणी पिवळी पडली. मग नळाला पाणी येण्याच्या दिवशी पिंपं भरून झाली की उरलेलं सगळं पाणी झाडाच्या बुडाशी ओतलं जातं. आजूबाजूचे लोक मला झाडं दाखवायला बोलावतात, म्हणून कळकळीने लिहिते.

आधी पान हातात घेऊन पाहा. शेंड्याचं कोवळं पान पिवळं, पण शिरा हिरव्या असतील तर झाडाला लोह मिळत नाहीये. आपल्या मातीत चुनखडी, त्यात बोअरचं क्षारांचं पाणी. त्यामुळे लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही, आणि जमीन सतत चिंब राहिली की हा केवडा, म्हणजे पानांचा पिवळेपणा, वाढतोच. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी नव्या पालवीवर फवारावं. खालची जुनी पानं पिवळी असतील, तर बहुधा नत्र कमी पडतंय, शेणखत घाला.

लिंबोणीच्या बुंध्याला पाणी लागूच देऊ नये. शेतकरी करतात तसं दुहेरी आळं करावं : बुंध्याला मातीची भर आणि पाणी बाहेरच्या आळ्यात. परवाच एका अंगणातल्या झाडाला मातीलगत डिंक पाझरताना दिसला. साल ओली, तपकिरी, नखाने सुटून येत होती. अशी कुजलेली साल खरवडून बोर्डो पेस्ट लावावी (मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर, याच प्रमाणात लागेल तेवढी).

जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली की पानांमागे पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) आहे असं समजा. त्याचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात आणि त्याची राखणही करतात. पाण्याच्या जोरदार धारेने तो धुऊन काढा, फार किडलेल्या फांद्या छाटा. विषारी औषधाची घाई नको.

सगळ्यात जिवाला लागतं ते कडुनिंबाचं. फरशी नीट दिसावी म्हणून बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट घातलं जातं. खोड जाड व्हायला जागा नाही, पाणी मुरायला वाट नाही. पावसाळ्याआधी प्रत्येक सोसायटीने निदान हातभर माती मोकळी करावी. आपल्या पत्राने हा विषय लावून धरावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सोलापूर