नोटीस पीरियड संपण्याआधी

प्रिय अनू,

सप्रेम नमस्कार.

नोकरी सोडून स्वतंत्रपणे चित्रांचे काम करण्यासाठी तू राजीनामा दिल्याची बातमी वहिनींकडून कळली आणि त्याच आठवड्यात दादांचा आरोग्य विम्याचा क्लेम नामंजूर झाल्याचे पत्र आले. या दोन गोष्टी एकदम समोर आल्या नसत्या, तर अभिनंदनाच्या चार ओळी पाठवून मी थांबले असते. दादांची अँजिओप्लास्टी व्यवस्थित झाली, ते घरी आले आहेत आणि सकाळचे फिरणेही सुरू झाले आहे. माझी पाठ पूर्वीसारखीच आहे. बाकी सर्व क्षेम. आता मुख्य विषयाकडे येते, कारण तुझा नोटीस पीरियड चालू आहे आणि मला जे सांगायचे आहे ते तो संपण्याआधीच करावे लागेल.

वहिनींनी पॉलिसीची फाइल माझ्यापुढे ठेवली, तेव्हा मी ती शेवटच्या पानांपासून वाचायला घेतली. तिथे प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विमा घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत जोडलेली असते आणि ती सहसा कोणी उघडून पाहत नाही. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड, अशी आजारांची यादी होती आणि प्रत्येक नावापुढे 'नाही' असे छापलेले होते. दादा रक्तदाबाची गोळी कधीपासून घेतात हे तुला मी सांगायला नको. त्या गोळीपायी आपण कोणत्या स्टेशनवर उतरून औषधांचे दुकान शोधत फिरलो होतो, ते तू अजून विसरली नसशील. एजंट त्यांना म्हणाला होता, "रक्तदाब आटोक्यात आहे ना, मग लिहायचे कशाला? उगाच हप्ता वाढेल." फॉर्म त्यानेच भरला आणि दादांनी फोनवर आलेला ओटीपी त्याला वाचून दाखवला. इस्पितळात दाखल होताना निवासी डॉक्टरांनी विचारले, तेव्हा मात्र दादांनी खरे तेच सांगितले आणि केसपेपरवर ते वर्षांसह नोंदले गेले. कंपनीने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि माहिती दडवली असे लिहून हात झटकले.

मला सर्वांत जास्त लागले ते पुढचे. पॉलिसी चौथ्या वर्षात होती आणि तिच्यात आधीच्या आजारांसाठीचा वेटिंग पीरियड, म्हणजे ज्या काळात त्यांचा क्लेम मिळत नाही तो, तीन वर्षांचा होता. म्हणजे रक्तदाब लिहिला असता, हप्ता थोडा वाढला असता, तरी आज तो काळ संपलेला होता आणि क्लेम मिळायला त्या कारणाने काही अडचण उरली नसती. जे लपवून हप्त्यात बचत झाली, त्याच्या कितीतरी पट रक्कम मोडलेल्या ठेवींतून गेली. नियमाप्रमाणे पॉलिसी सलग ६० महिने चालली की माहिती न दिल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो. पूर्वी ही मुदत ८ वर्षांची होती, ती २०२४ मध्ये ५ वर्षांवर आली. दादा तिथपर्यंत पोचले नव्हते. आम्ही कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे अर्ज केला आहे. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांकडे जायचे ठरले आहे. तिथे शुल्क लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतल्या जातात. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांचे पत्र आणि एजंटशी झालेले संदेश मी लावून ठेवत आहे. दादांना फार आशा नाही. मला मात्र हे प्रकरण सोडवत नाही.

आता तुझे. तुझी थायरॉइडची गोळी आणि भावोजींची साखर, या दोन गोष्टी तू आता घेशील त्या पॉलिसीच्या फॉर्मवर आल्याच पाहिजेत. गोळीचे नाव, मात्रा, केव्हापासून घेता, मागचे रिपोर्ट, सगळे लिही, आणि फॉर्म स्वतः भर. तू रंगकामाचा साधा ब्रश घेतानासुद्धा दुकानदाराला पाण्याची वाटी मागून त्याचे टोक तपासतेस आणि मला ताटकळत उभे ठेवतेस. तीच नजर या फॉर्मवर हवी. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांचा फ्री लूक काळ असतो, त्यात तिच्यासोबत आलेली फॉर्मची प्रत ओळीओळीने वाच. काही चुकीचे छापले असेल तर लगेच लेखी कळव, आणि पॉलिसीच पटली नाही तर परत करता येते.

मी छापखान्याची नोकरी सोडली त्या वर्षी याच विषयावरून आपले कडाक्याचे भांडण झाले होते. "आजारी पडलो नाही तर विम्याचे पैसे वाया जातात," हे तुझे म्हणणे आणि "ते वाया जावेत हीच माझी इच्छा," हे माझे. मी आजही तिथेच उभी आहे. पण त्या वेळी तुझ्या डोक्यावर कंपनीच्या गटविम्याचे छत्र होते, त्यामुळे तुझे म्हणणे तुला परवडत होते. शेवटच्या दिवशी ओळखपत्र परत करशील, त्याबरोबर ते छत्रही जाईल, आणि भावोजींचे व लेकीचे नाव तुझ्याच पॉलिसीत असल्यामुळे तिघेही एकदमच उघडे पडाल. आपल्यासारख्या स्वतंत्र काम करणाऱ्यांना ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, नाही, आणि ज्या कंपन्यांची कामे करतो त्यांच्यापैकी कोणाचीच या बाबतीत काही जबाबदारी नसते.

म्हणून आधी एचआरकडे जा आणि गटविमा कोणत्या विमा कंपनीचा आहे ते विचार. नोकरी सोडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते आणि गटविम्यात काढलेली वर्षे जुन्या विमारकमेपुरती वेटिंग पीरियडमध्ये धरली जातात. तुझी इतकी वर्षे सलग झाली आहेत की ती सोडून देणे म्हणजे शुद्ध नुकसान आहे. मात्र विमा कंपनी प्रकृती तपासून निर्णय घेते, होकार देईलच असे नाही. म्हणून गटविम्यातून नाव निघण्याची वाट न पाहता अर्ज कर. तिथे नकार मिळाला, किंवा त्यांच्या अटी आवडल्या नाहीत, तर दुसरीकडे नवी पॉलिसी घे, पण तीही आत्ताच, पगारावर असताना. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून कशालाही संरक्षण नसते. ते दिवस कंपनीचा विमा चालू असतानाच संपून गेलेले बरे. हर्निया, मोतीबिंदू, सांधे बदलणे अशा ठरावीक गोष्टींना बहुधा दोन वर्षे थांबावे लागते. आधीच्या आजारांना नियमाने जास्तीत जास्त ३ वर्षे. १ एप्रिल २०२४ च्या आधी हीच मर्यादा ४ वर्षांची होती. हे घड्याळ जितके लवकर सुरू होईल तितके चांगले. विमारकमेपेक्षाही हा चालून गेलेला काळ आपली खरी पुंजी आहे, असे मला इतक्या वर्षांनंतर वाटते.

रकमेबद्दल माझे मत असे, की तिघांची मिळून एक फ्लोटर पॉलिसी, म्हणजे सर्वांना मिळून एकच विमारक्कम असलेली, घ्यावी आणि तिच्यावर ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारा सुपर टॉपअप चढवावा. साधा टॉपअप घेऊ नकोस. समज, मूळ पॉलिसी ५ लाखांची आहे आणि एकाच वर्षात ४-४ लाखांची दोन बिले झाली. साधा टॉपअप प्रत्येक बिल वेगळे मोजतो, कोणतेच ५ लाखांच्या वर जात नाही म्हणून तो एक पैसाही देत नाही. सुपर टॉपअप वर्षाची बेरीज करतो आणि वरचे ३ लाख देतो. हप्त्यातला फरक मात्र त्या मानाने थोडाच असतो.

खोलीच्या भाड्यावर मर्यादा असलेली पॉलिसी तर मुळीच नको. मर्यादा ५ हजारांची आणि घेतलेली खोली ८ हजारांची असेल, तर वरचे ३ हजार भरले की सुटलो असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात सर्जनचे शुल्क, डॉक्टरांच्या भेटी, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग यांचीही रक्कम त्याच प्रमाणात कापली जाते, म्हणजे आठातले पाचच भाग मिळतात. औषधे, बसवलेले स्टेंटसारखे भाग, तपासण्या आणि आयसीयू यांना ही कात्री लावता येत नाही, पण उरलेले बिलही काही कमी नसते. एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांकडे सारख्या अटींची 'आरोग्य संजीवनी' नावाची पॉलिसी मिळते. ती समजायला सोपी आणि स्वस्त आहे, कोणाकडे काहीच नसेल तर मी तीच सुचवीन. पण तिच्यात खोलीभाड्याला विमारकमेच्या २ टक्के आणि कमाल रोज ५ हजार अशी मर्यादा आहे आणि प्रत्येक क्लेममधले ५ टक्के आपण भरायचे असतात. तुला परवडत असताना तिथे थांबू नकोस.

तुमच्या चित्रकारांच्या संघटनेचा गटविमा मिळेल असे तू मागे म्हणाली होतीस. तो जोडीला असू दे, त्यावर विसंबू नकोस. तो करार संघटनेचा आणि विमा कंपनीचा असतो. त्यांचे फिसकटले किंवा पुढच्या वर्षी अटी बदलल्या, तर तुला विचारणारे कोणी नाही. वैयक्तिक पॉलिसीचे आजन्म नूतनीकरण हा तुझा हक्क आहे, आणि क्लेम घेतला म्हणून ते नाकारता येत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी पगारदार माणसाला सहज सुचत नाही. आरोग्य विमा इस्पितळाचे बिल देतो, बुडालेले काम देत नाही. तुझे उजवे मनगट मोडले, तर प्लास्टरचे पैसे मिळतील, पण हातातल्या पुस्तकाची चित्रे दुसऱ्याकडे जातील आणि आजारपणाची पगारी रजा आता नाही. त्यासाठी वैयक्तिक अपघात विमा घे आणि त्यात तात्पुरत्या अपंगत्वासाठी आठवड्याला ठरावीक रक्कम मिळण्याची सोय आहे ना, ते पाहून घे. रक्कम उत्पन्नावर ठरते आणि उत्पन्नाचा पुरावा म्हणून आयकर विवरणपत्र मागतात, त्यामुळे पहिल्या वर्षापासून विवरणपत्र नीट आणि वेळेवर भर. गंभीर आजारांसाठी एकरकमी पैसे देणारी पॉलिसीही असते. तिच्यातल्या आजारांच्या व्याख्या फार काटेकोर असतात, म्हणून मी ती यानंतरच्या क्रमावर ठेवीन.

पैसे केव्हा येतील याचा आता भरवसा राहणार नाही, तेव्हा हप्त्याची तारीख सांभाळ. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची आणि मासिक हप्त्याला १५ दिवसांची सवलत मिळते. पण वार्षिक हप्ता थकला तर त्या मधल्या दिवसांत उद्भवलेल्या आजाराला संरक्षण नसते, आणि सवलतीचे दिवसही उलटले तर जमवलेली सगळी वर्षे पाण्यात जातात. मी प्रत्येक मानधनातून थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकते आणि त्या खात्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, तेवढा दिलासा आहे. आरोग्य विम्याच्या हप्त्यावर आयकरात मिळणारी ८०डीची वजावट मात्र फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि व्यावसायिक उत्पन्न असणाऱ्यांना पगारदारांसारखे दरवर्षी इकडून तिकडे जाता येत नाही. एकदा जुनी निवडून नवीकडे परतलो की पुन्हा जुनीचा रस्ता बंद. त्या वजावटीच्या मोहाने प्रणाली निवडू नकोस, आपल्या सीए काकांना आधी विचार.

मावशींना मात्र तुमच्या फ्लोटरमध्ये घालू नकोस, कारण फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. त्यांना सत्तरी उलटली आहे, तेव्हा आयुष्मान भारत योजनेतले वय वंदना कार्ड काढून टाक. ७० वर्षे आणि त्यावरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यावर मिळतात, खासगी विमा असला तरीही. आधार कार्ड लागेल. आणि जवळच्या कोणत्या इस्पितळात ते चालते हे आजच विचारून ठेव, रात्री धावपळीत नको.

लेकीच्या दहावीचा निकाल ऐकून फार आनंद झाला, तिला वेगळे पत्र लिहिते. प्रदर्शनाची तारीख ठरली की कळव, मी येणारच. नव्या जागेतल्या खोलीला उत्तरेची खिडकी मिळाली, हे तुझ्या कामासाठी उत्तम झाले. भावोजींना नमस्कार.

फॉर्म भरून झाला की ओटीपी कोणालाही सांगण्याआधी त्याची प्रत मला पाठव. मी त्याच दिवशी वाचून कळवीन.

तुझी,
मेधा