एका प्रथिनाचा तीन दशकांचा पाठपुरावा आणि नागपूरचे विद्यार्थी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी २८ फेब्रुवारी जवळ आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत विज्ञानाला जागा मिळते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे छायाचित्र आणि १९२८ सालच्या शोधाची माहिती छापली जाते, आणि पुढे वर्षभर अधूनमधून एखाद्या लशीची, औषधाची किंवा अवकाशमोहिमेची बातमी येत राहते. या बातम्यांबद्दल माझी तक्रार नाही, त्या आल्याच पाहिजेत. मात्र एखाद्या संशोधकाने एकाच प्रश्नामागे वीस-तीस वर्षे कशी घालवली, तो प्रश्न वाटेत कसा बदलत गेला आणि हाती नेमके काय लागले, हे आपल्या वाचकांपर्यंत जवळजवळ कधीच पोहोचत नाही. नागपुरात दीर्घकाळ प्राणिशास्त्र शिकवलेला एक शिक्षक या नात्याने अशा एका कारकिर्दीची ओळख करून द्यावी आणि तिच्या आधारे येथील महाविद्यालयांसाठी एक सूचना मांडावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बंगळूरू येथील ‘नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस’ या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातील चेताजीवशास्त्रज्ञ डॉ. गैती हसन यांची ही कारकीर्द आहे. पेशींच्या आत कॅल्शियमच्या साहाय्याने संदेश कसे जातात आणि त्या संदेशांवाचून चेतासंस्थेचे काय होते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय.

कॅल्शियम म्हटले की आपल्याला हाडे आणि औषधाच्या दुकानातील गोळ्या आठवतात. ते स्वाभाविकही आहे, कारण शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. उरलेल्या एका टक्क्याचे महत्त्व मात्र फार उशिरा कळले. १८८३ साली लंडनमध्ये सिडनी रिंगर यांच्या लक्षात आले की बेडकाचे शरीराबाहेर काढलेले हृदय शुद्ध पाण्यात बनवलेल्या मिठाच्या द्रावणात लवकर थांबते, आणि तेच द्रावण नळाच्या पाण्यात बनवले की ते धडधडत राहते. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होते. पुढे असे दिसून आले की पेशीच्या बाहेर मुक्त कॅल्शियमचे जे प्रमाण असते, त्याच्या सुमारे दहा हजारावा भागच शांत अवस्थेतील पेशीच्या आत असतो. हा फरक टिकवण्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्च करते, आणि तो इतका मोठा असल्यामुळेच थोडेसे कॅल्शियम आत आले तरी पेशीला तो स्पष्ट संदेश वाटतो. स्नायू आकुंचन पावतो तो या संदेशावर. चेतापेशीच्या टोकाशी रासायनिक दूत बाहेर टाकले जातात तेही या संदेशावरच, आणि हे दाखवून देण्यात बर्नार्ड कात्झ आणि रिकार्डो मिलेदी यांच्या प्रयोगांचा मोठा वाटा आहे.

कॅल्शियमचा दुसरा साठा पेशीच्या पोटातच, आंतर्द्रव्यजालिका या पातळ पटलांच्या जाळ्यात असतो. तो कसा उघडतो, याचे उत्तर १९८३ साली मिळाले. केंब्रिजमधील मायकेल बेरिज निळ्या माशीच्या लाळग्रंथींवर अनेक वर्षे काम करीत होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की आयपी३ हा छोटा रेणू त्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर सोडवतो. १९८९ साली जपानमध्ये कात्सुहिको मिकोशिबा यांच्या गटाने ज्या प्रथिनाला हा रेणू चिकटतो, त्या ग्राहीचा संपूर्ण जनुकीय आराखडा उंदराच्या अनुमस्तिष्कातून, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागातून, मिळवला. डॉ. हसन यांच्या पुढच्या साऱ्या कामाचा केंद्रबिंदू हेच प्रथिन आहे.

त्यांची सुरुवात मात्र येथे झालेली नाही, आणि विद्यार्थ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी असे मला वाटते. केंब्रिजमधील त्यांचे डॉक्टरेटचे काम आफ्रिकेतील निद्रारोगाच्या परजीवीच्या डीएनएवर, त्यातील जागा बदलणाऱ्या एका तुकड्यावर होते. चेतासंस्थेशी त्याचा संबंध नव्हता. भारतात परतल्यावर त्या मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. तेथे ओबैद सिद्दिकी यांनी फळमाशीच्या वास घेण्याच्या क्षमतेचा जनुकीय अभ्यास उभा केला होता. वासाचा संदेश चेतापेशीत कसा पोहोचतो हा तेव्हा खुला प्रश्न होता, आणि आयपी३ हा रेणू त्या साखळीत असावा असे अनेकांना वाटत होते. पुढे अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठात मायकेल रॉसबॅश यांच्या प्रयोगशाळेत काम करून त्यांनी १९९२ साली फळमाशीतील आयपी३ ग्राहीचे आणि त्याच्याच जातकुळीतल्या रायनोडिन ग्राहीचे जनुक रॉसबॅश यांच्यासह प्रसिद्ध केले. रॉसबॅश यांना २०१७ साली दैनिक जैविक घड्याळाच्या शोधासाठी नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, तेही फळमाशीवरील कामासाठीच.

माशीच का, असा प्रश्न मला वर्गात नेहमी विचारला जाई. या बाबतीत उत्तर अगदी नेमके आहे. माणसात आयपी३ ग्राहीची तीन जनुके आहेत, त्यामुळे एक बिघडले तर दुसरे काही अंशी भार उचलते आणि बिघाडाचा परिणाम झाकला जातो. फळमाशीत असे एकच जनुक आहे. ते पूर्ण निकामी केले तर अळी वाढू शकत नाही आणि मरते. म्हणून हसन यांच्या गटाने त्या जनुकातील वेगवेगळे सौम्य दोष जोड्या-जोड्यांनी एकत्र आणले आणि प्रौढ होईपर्यंत जगतील अशा माश्या मिळवल्या. वासाबद्दल जी अपेक्षा होती ती तशीच्या तशी खरी ठरली नाही. वास घेण्याच्या मूळ क्रियेपेक्षा, सतत येणाऱ्या वासाशी जुळवून घेण्याची स्थिती टिकवण्यात या प्रथिनाचा भाग आहे, असे दिसले. खरा बदल दिसला तो पंखांत. या माश्यांचे पंख नेहमीसारखे पाठीवर मिटत नव्हते आणि त्यांना उडता येत नव्हते.

माझ्या मते या कारकिर्दीचा कस येथे लागला. हाती घेतलेल्या प्रश्नाचे उत्तर बेताचेच मिळाले आणि न विचारलेला प्रश्न समोर उभा राहिला, तेव्हा त्यांनी त्या दुसऱ्या प्रश्नाला पुढची अनेक वर्षे दिली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गटाच्या अभ्यासात असे दाखवले गेले की दोष उड्डाणाच्या चेताजालातील लयीत आहे, आणि ठराविक चेतापेशींत चांगले जनुक परत दिले तर माशी पुन्हा उडू शकते. कोषावस्थेत उड्डाणाचे चेताजाल घडत असतानाच या कॅल्शियम-संदेशाची गरज असते, हेही पुढे आले. त्यानंतरचा २००६ सालचा निष्कर्ष मला सर्वांत सुंदर वाटतो. सांडलेले कॅल्शियम उचलून पुन्हा साठ्यात भरणारा एक पंप आंतर्द्रव्यजालिकेवर असतो. ग्राही दुबळा असलेल्या माशीत हा पंपही दुबळा केला, तर उड्डाण परत येते. बाहेर येणारे कॅल्शियम कमी झाले असले, तरी आलेले कॅल्शियम अधिक वेळ टिकते आणि संदेश पुरा होतो. दोन दोष एकत्र आले असता प्राणी अधिक आजारी होण्याऐवजी बरा झाला. कोणत्याही पदवी वर्गात यावर तासभर चर्चा होऊ शकेल.

२००५ आणि २००६ या दोन वर्षांत जगातील काही प्रयोगशाळांनी स्टिम आणि ओराय ही दोन प्रथिने ओळखली. आतला साठा रिकामा झाला की स्टिमला ते कळते आणि ओरायमार्फत पेशीच्या बाह्यपटलातून नवे कॅल्शियम आत येते. या शोधातही फळमाशीच्या पेशींचा उपयोग झाला होता, परंतु ते काम मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींच्या संदर्भात चालले होते आणि चेतापेशींत या मार्गाला फारसे महत्त्व नसावे असे अनेकजण मानत. २००९ साली हसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवले की फळमाशीच्या चेतापेशींत ही प्रथिने कमी केली तर उड्डाण बिघडते, आणि दुबळा ग्राही असलेल्या माशीत ती वाढवली तर उड्डाण सुधारते. अन्नात प्रथिने कमी पडली असता अळीने कोषात जावे की नाही, हे ठरवणाऱ्या चेतापेशींतही आयपी३ ग्राहीमार्फत येणारा कॅल्शियम-संदेश लागतो, असे त्यांच्या गटाच्या २०१६ सालच्या कामात दिसले.

याचा माणसाला काय उपयोग, असे पालक विचारतात आणि तो प्रश्न गैर नाही. २००७ साली असे आढळले की स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया या आनुवंशिक चेताविकाराच्या पंधराव्या प्रकारात माणसाच्या तीन आयपी३ ग्राही जनुकांपैकी पहिल्याचा भाग गळालेला असतो. या रुग्णांचा चालताना तोल जातो, हातापायांच्या हालचालींतील मेळ हळूहळू बिघडतो. हा ग्राही नसलेले बहुतेक उंदीर जन्मापूर्वीच दगावतात आणि जन्मलेल्यांना तीव्र असंतुलन व झटके येतात, हे त्याआधीच, १९९६ साली नोंदले गेले होते. माशीवरील कामातून या रोगावर औषध निघाले आहे, असे मी म्हणणार नाही. एका ग्राहीचा दोष दुसऱ्या प्रथिनाच्या फेरफाराने भरून काढता येतो ही जाण मात्र त्या कामातून आली, आणि उपचार शोधणाऱ्याला अशा जाणिवेचीच गरज असते.

आता नागपूरविषयी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला २०२३ साली शंभर वर्षे पूर्ण झाली आणि त्याच वर्षी जानेवारीत १०८वी भारतीय विज्ञान काँग्रेस विद्यापीठाच्या यजमानपदाखाली भरली. शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, मिहान परिसरात एम्स आहे, नीरीसारखी राष्ट्रीय संस्था आहे. तरीही जीवशास्त्राची आवड असलेल्या आपल्या मुलामुलींपुढे बारावीनंतर वैद्यकीय प्रवेश हा एकच रस्ता ठेवला जातो. तो हुकला की बी.एस्सी.ला आलेला विद्यार्थी स्वतःला हरलेला समजतो. माझ्या वर्गात असे विद्यार्थी दरवर्षी असत, आणि त्यांतील काहींची निरीक्षणशक्ती उत्तम संशोधकाची होती.

त्यातच विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्रातील विच्छेदन बंद केल्यापासून प्रात्यक्षिके बहुतांशी तक्ते आणि संगणकावरील चित्रे यांवर चालतात. विच्छेदन थांबले हे योग्यच झाले. जिवंत प्राण्याचे निरीक्षण मात्र थांबायला नको होते, आणि फळमाशी ती उणीव भरून काढू शकते. पिकलेल्या केळ्यांवर जमणारी ही बारीक माशी मक्याचे पीठ, साखर किंवा गूळ, यीस्ट आणि अगर यांच्या खाद्यावर वाढते. २५ अंश सेल्सिअसला सुमारे दहा दिवसांत तिची पिढी पूर्ण होते. देशात म्हैसूर विद्यापीठात या माश्यांच्या वाणांचे संग्रह-केंद्र आहे. पंखांचे, डोळ्यांचे, हालचालींचे दोष असलेले वाण आणून विद्यार्थी स्वतः संकर करू शकतात. उंच काचनळीच्या तोंडातून माश्या सोडून कोणत्या उडून कडेला बसतात आणि कोणत्या सरळ तळाशी पडतात, ही तपासणी तर पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करू शकेल.

अडचण एकच आहे आणि ती नागपूरच्या हवेची आहे. तापमान ३० अंशांच्या आसपास गेले की या माशीचे नर नापीक होऊ लागतात. बाटल्यांत माश्या फिरताना दिसतात, पण अळ्या येत नाहीत. येथे मार्चपासून खोलीतील तापमान त्याच्या वर असते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. मी जेथे शिकवत होतो तेथे उन्हाळ्याच्या सुट्टीत वीज गेल्याने सारे वाण मेले आणि पुढच्या सत्रात ते पुन्हा मागवण्याची तरतूद झाली नाही. त्यामुळे प्रत्येक महाविद्यालयाने स्वतंत्र संच ठेवावा, असा आग्रह मी धरणार नाही. विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात थंड करण्याची सोय असलेले दोन बीओडी इन्क्युबेटर (ठराविक तापमान राखणारी कपाटे), त्यांना अखंड वीज आणि एक प्रशिक्षित प्रयोगशाळा सहायक एवढी व्यवस्था झाली, तर तेथे बारमाही जपलेले वाण जुलै ते फेब्रुवारी या काळात शहरातील व जिल्ह्यातील महाविद्यालयांना वापरायला देता येतील. दोन इन्क्युबेटर यासाठी की एक बंद पडला तरी वाण दुसऱ्यात राहतात. माशीवर काम करणाऱ्या अनेक प्रयोगशाळा अशीच काळजी घेतात.

विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र अभ्यास मंडळाने या सूचनेचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे. आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी की विज्ञान दिनाच्या पुरवणीत एका भारतीय संशोधकाची संपूर्ण वाटचाल, तिच्यातील वळणांसह आणि अपेक्षेप्रमाणे न आलेल्या निष्कर्षांसह, दरवर्षी छापावी. बारावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक ही पुरवणी वाचतात, हे मी अनुभवाने जाणतो.

वाण जपण्याचे, खाद्य शिजवण्याचे आणि संकर लावण्याचे काम येथील तरुण शिक्षकांना शिकवण्यासाठी मी व माझे काही निवृत्त सहकारी कोणतेही मानधन न घेता येण्यास तयार आहोत. विद्यापीठाने जागा आणि वेळ कळवावी.

आपला विश्वासू,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक
धरमपेठ, नागपूर