छातीत पाणी, पण नेमके कुठे?

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत 'छातीत पाणी होणे' हे शब्द सरसकट वापरले जातात, त्याविषयी हे पत्र. बोलताना आपण सारेच तसे म्हणतो. परंतु फुप्फुसाच्या आतले पाणी, फुप्फुसाभोवतीचे पाणी आणि हृदयाच्या आवरणात साठलेले पाणी ही तीन वेगळी दुखणी आहेत.

गेल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या बंधूंना धाप लागू लागली. शनिवार पेठेतल्या घराचा जिना चढताना ते मधल्या वळणावर कठडा धरून थांबत आणि रात्री उशांना टेकून बसूनच झोपत. 'पाणी झाले असेल' म्हणत एका परिचिताने स्वतःची लघवीची गोळी देऊ केली आणि आम्ही शहाण्यांनी ती दोन दिवस दिलीही. तिसऱ्या दिवशी वरचा रक्तदाब ८० वर उतरला, मानेच्या शिरा टरारून फुगल्या. टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, कारण दिसले: आवरणातल्या पाण्याने हृदय दाबले गेले होते. अशा वेळी हृदयाकडे परतणारे रक्त जेवढे कमी, तेवढे ते आणखी रिकामे राहते, आणि लघवीवाटे शरीरातले पाणी कमी करणाऱ्या त्या गोळीने नेमके तेच होते.

निरोगी माणसाच्या हृदयावरणातही १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतोच. तो सावकाश वाढला तर आवरण ताणत जाऊन लिटरभरही सामावून घेते. झपाट्याने साठला तर २०० मिलिलिटरही जिवावर बेततात.

ते पाणी सुईने काढायचे, म्हणजे टॅपिंग करायचे, ठरले. 'हृदयात सुई' हे ऐकून वहिनी संमतीपत्रावर सही करेनात, आणि ते पत्र इंग्रजीत. वस्तुतः या टॅपिंगमध्ये छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाजवळची जागा बधिर करून, इकोच्या पडद्यावर पाहत, सुई आवरणातल्या पाण्यापर्यंतच नेतात आणि तिच्या वाटेने बारीक नळी बसवतात. सुमारे ७०० मिलिलिटर लालसर पाणी निघाले, आणि अर्ध्या तासात बंधूंनी चहा मागितला.

पाणी काढले तरी दुखणे संपत नाही. क्षयरोग, कर्करोग, मूत्रपिंडाचा विकार, थायरॉइडची कमतरता यांपैकी काहीही मुळाशी असू शकते. बंधूंच्या बाबतीत तपासणीत क्षयरोग निघाला आणि सहा महिने औषधे चालली.

तेव्हा पुरवणीत यापुढे पाणी कुठे साठले आहे ते स्पष्ट लिहावे आणि दुसऱ्याची लघवीची गोळी घेऊ नये ही सूचना ठळक छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे