शिबिराची बातमी वर्षभरानेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर आठवड्याआड एखाद्या आरोग्य शिबिराची बातमी असते. उद्घाटन कोणाच्या हस्ते झालं, किती जणांचं बीपी आणि शुगर तपासली, किती लाभार्थींना मोफत गोळ्या मिळाल्या. त्या लाभार्थींचं वर्षभराने काय झालं, ही बातमी मात्र माझ्या वाचनात कधी आली नाही. मी कोरेगाव तालुक्यातली निवृत्त आरोग्य सहायिका. सगळी नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि उपकेंद्रांत गेली. शिबिरं भरवणाऱ्यांची तळमळ जवळून पाहिली आहे, तिच्याबद्दल शंका नाही. तक्रार आहे ती आखणीबद्दल, आणि नंतर कोणीच हिशेब मागत नाही याबद्दल.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या गावात झालेलं शिबिर घ्या. वेळ सकाळी अकराची. ज्यांना तपासायला हवं ती तिशी-चाळिशीतली माणसं त्या वेळी शेतात, नाहीतर एमआयडीसीत. मंडपात आले ते बहुतेक आधीच गोळी चालू असलेले आजी-आजोबा. रांग मोठी, म्हणून चालत आलेल्या माणसाला लगेच स्टुलावर बसवून, स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून बीपी घेत होते. खरं तर पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठीला टेका द्यायचा, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीत ठेवायचा, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, आणि आकडा जास्त आला तर पुन्हा मोजायचं, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात. बीपी जास्त निघालेल्यांच्या हातात गोळ्यांची एक पट्टी दिली. ती संपल्यावर कुठे जायचं, हे कोणी सांगितलं नाही.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजाराचा धोका किती ते पाहणारी प्रश्नावली, आशाताई घरोघरी भरतात. वय, कमरेचा घेर, अंगमेहनत, तंबाखू, दारू, आई-वडिलांना बीपी-शुगर होती का, या सगळ्याला गुण असतात आणि चारच्या वर गेलेल्यांना तपासणीला आधी बोलवायचं असतं. कल्पना चांगलीच आहे. पण ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की आमच्याकडची पन्नाशीची बाई ‘न्हाय ओ’ म्हणून मोकळी होते, आणि चुलीशेजारच्या कोनाड्यात तिची मिश्रीची डबी असते. तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू ती दिवसातून तीन-चारदा हिरड्यांना चोळते. तिच्या लेखी ते दात घासणं. गावचीच आशाताई असेल तर ती ‘मिश्री किती वेळा लावता?’ असं विचारते आणि खरं उत्तर घेऊन येते. कार्यक्रम ठरवताना अशा आशाताईचं ऐकून घ्यायला हवं. आपण तिला बैठकीला बोलावतो ते उद्दिष्ट सांगायला आणि राहिलेले फॉर्म मागायला.

माणसं कुठे आणि कधी भेटतात, हेही गावालाच ठाऊक असतं. सकाळी दूध घालायला निम्मा गाव डेअरीवर येतो, त्यात तरणी माणसंही असतात. तिथेच एक बाक आणि बीपीचं यंत्र का नको? जावळी-पाटणची कितीतरी माणसं माथाडी कामाला मुंबई-नवी मुंबईत आहेत, ती हमखास सापडतात गावच्या यात्रेला. त्या दिवसांत तपासणी ठेवली आणि मुंबईतल्या दवाखान्यात दाखवता येईल असं कार्ड हातात दिलं, तर पुढचे उपचार तिकडे चालू राहतील.

गावालाच बरोबर घेऊन असं काम फिनलंडमधल्या उत्तर कारेलिया प्रांतात १९७२ मध्ये सुरू झालं. दूध-लोण्याचा मुलूख आणि ऐन उमेदीत हृदयविकाराने जाणारे पुरुष. डॉ. पेक्का पुस्का यांच्या चमूने डॉक्टरांवर भिस्त ठेवली नाही. ते गृहिणींच्या मंडळांबरोबर बसले, नेहमीच्याच पदार्थांत मीठ आणि चरबी कशी कमी करायची ते बायकांनीच ठरवलं. डेअरीवाल्यांशी बोलले, दुकानदारांशी बोलले. आणि पहिल्याच दिवसापासून शेजारचा कुओपिओ प्रांत तुलनेसाठी धरून दोन्हीकडे मोजत राहिले. पुढच्या काही दशकांत काम करत्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. मग कुओपिओतही घट दिसू लागली, कारण सारा देशच बदलत होता. तेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं.

तुलनेचा हा मुद्दा आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिल्या दिवशी जास्त आलेलं बीपी दुसऱ्यांदा मोजलं की पुष्कळदा काही न करताच खाली येतं. त्यामुळे फक्त जास्त निघालेल्यांना पुन्हा मोजून ‘आमच्या योगवर्गाने बीपी उतरलं’ असा अहवाल देणं चूक आहे. याच्या उलटही घडतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. साखर बिघडू लागलेली, पण मधुमेह न झालेली माणसं त्यांनी घेतली. आहार आणि चालण्यासाठी सतत पाठपुरावा केलेल्या गटात तीन वर्षांत शंभरातल्या सुमारे ३९ जणांना मधुमेह झालाच. एवढाच आकडा ऐकला तर कोणीही म्हणेल, पैसे वाया गेले. पण ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला मिळाला, त्यांच्यात शंभरातल्या ५५ जणांना झाला. दुसरा गट मोजला नसता तर मधले १६ जण कोणाला दिसलेच नसते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मधल्या अहवालाप्रमाणे देशात १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्यासाठी काय केलं की उपयोग होतो, हे कळणं किती मोलाचं आहे!

आणि त्यासाठी फिनलंडला जायची गरज नाही. देशात २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे चार जिल्हे होते. ठरलेली औषधं, ठरलेला क्रम, महिन्याची गोळी एकदम आणि प्रत्येक रुग्णाचं कार्ड. त्यातला हिशेब मला सगळ्यात जास्त आवडतो. तपासले किती, याला तिथे फार भाव नाही. नोंदवलेल्यांपैकी किती जणांचं बीपी त्या तिमाहीतल्या शेवटच्या भेटीत १४०/९० च्या खाली होतं, हे विचारतात. जो आलाच नाही त्याला यादीतून वगळत नाहीत, तो ‘आला नाही’ म्हणून मोजला जातो आणि त्याच्या दारात कोणीतरी जातं.

हाच हिशेब ग्रामपंचायतींनी, साखर कारखान्यांनी आणि गणेश मंडळांनी आपल्या शिबिरांना लावावा. मंडपाचा आणि हारतुऱ्यांचा खर्च वाचवून आधी गावाची नीट मोजणी करावी, शेजारचं एक गाव तुलनेला घ्यावं, यादी उपकेंद्रात द्यावी आणि सहा महिन्यांनी, वर्षाने त्याच माणसांना पुन्हा मोजावं. शेजारच्या गावाला नुसतं मोजून सोडू नये. ज्याचं बीपी जास्त निघेल त्याला उपचार मिळालेच पाहिजेत, आणि कार्यक्रम दुसऱ्या वर्षी तिथेही न्यावा.

आपल्याकडे एक विनंती आहे. गेल्या वर्षी छापलेली शिबिराची कुठलीही एक बातमी काढा आणि आपला वार्ताहर त्या गावी पाठवा. आयोजकांकडे यादी आहे का, बीपी जास्त निघालेल्यांपैकी किती जण आज गोळी घेतात, ती कुठून मिळते, किती जणांनी मध्येच सोडली आणि का, एवढं त्याने विचारावं. जे उत्तर येईल ते पहिल्या बातमीइतक्याच जागेत छापा.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका,
ता. कोरेगाव, जि. सातारा